थोरल्याने सोडलेली जागा

इंग्लंडातल्या सॉल्सबरीजवळची ही टेकडी बघा. मातीचे तट, पडक्या भिंतींचे दगड, बाकी सगळं गवत. हे ओल्ड सेरम. तेराव्या शतकात इथलं कॅथेड्रल खाली नदीकाठी हललं, पाठोपाठ वस्तीही गेली. तरी या ओसाड टेकडीचे दोन खासदार १८३२ पर्यंत लंडनच्या पार्लमेंटात बसत होते.

मताचा हक्क इथे जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना चिकटलेला होता. तुकडे ज्याच्या हाती, खासदार त्याचे. १६९१ मध्ये ही मालमत्ता थॉमस पिट नावाच्या व्यापाऱ्याने घेतली. हाच पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. गोवळकोंडा मुलखातला एक मोठा हिरा त्याने फ्रान्सच्या दरबाराला विकला, आणि व्यापाऱ्याचं घराणं सरदारांच्या पंगतीला बसलं.

त्याचा थोरला नातू, तोही थॉमसच, १७३४ च्या निवडणुकीत दोन ठिकाणांहून निवडून आला. त्याने ओकहॅम्प्टन ठेवलं. ओल्ड सेरमची जागा रिकामी झाली. इंग्लंडात वाडा, जमीन सगळं थोरल्याकडे जायचं. धाकट्यांना सैन्य, चर्च, नाहीतर पार्लमेंट. धाकटा विल्यम सव्वीस वर्षांचा, घोडदळात खालच्या हुद्द्यावर. १७३५ मध्ये जागा त्याला मिळाली. इथलं मतदान एका एल्मच्या झाडाखाली होई. मतदार बोटांवर मोजण्याइतके.

हाच विल्यम पुढे पंतप्रधान झाला. त्याचा मुलगा, तोही विल्यमच, १७८१ मध्ये ॲपलबी या मतदारसंघातून पार्लमेंटात आला. ती जागा सर जेम्स लोथर यांच्या मुठीतली. मतदारांना भेटायलाही जावं लागणार नाही, असं त्याने आईला कळवलं होतं. चोविसाव्या वर्षी तोही पंतप्रधान.

गुणी तरुण असे लवकर पुढे येतात, असं या पद्धतीचे समर्थक म्हणत. पिट बापलेक गुणी होतेच. पण ॲपलबीच्या माणसाला कुणी विचारलंच नाही, हे मला विसरता येत नाही.

आणि ज्यांना विचारलं जाई, त्यांचं काय? नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्कला मत सर्वांसमक्ष, तोंडाने सांगावं लागे. १८२९ मध्ये तिथला बडा जमीनदार ड्यूक ऑफ न्यूकासल याच्या उमेदवाराविरुद्ध मत दिलेल्या कुळांना त्याने घराबाहेर काढलं. जाब विचारल्यावर त्याचं उत्तर होतं: माझ्या मालकीच्या वस्तूचं मी हवं ते करू नये का?

१८३२ च्या निवडणूक सुधारणा कायद्याने ओल्ड सेरमच्या दोन्ही जागा गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूअर्कहून ड्यूकच्या पसंतीचा बावीस वर्षांचा उमेदवार निवडून आला. त्याचं नाव विल्यम ग्लॅडस्टन. पुढे तोही पंतप्रधान झाला.