गोधडीची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

मी लातूरहून बोलतेय. इथल्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर हिशेबाचं काम बघते. घरी दोन लेकरं, सासूबाई आणि आमचे हे. मोठी लेक दहावीला, धाकटा सहावीला. आणि मला गोधड्या शिवायचा छंद आहे. ओळखीच्या बायका पहिला प्रश्न हाच विचारतात, "एवढं सगळं बघून तुम्ही सुई-दोऱ्याला कधी बसता हो?"

खरं सांगायचं तर, कामं उरकल्यावर बसू असं मी ठरवलं असतं तर आजवर एकही गोधडी पुरी झाली नसती. बाईची कामं उरकत नसतात. भांडी झाली की दळण, दळण झालं की उद्याच्या डब्याची भाजी निवडायची, तेवढ्यात लेकराच्या दप्तरातून ऐनवेळी एखादं चित्र काढायचं निघतं. म्हणून आमच्या घरी गोधडीची वेळ आधी ठरते आणि बाकीची कामं तिच्या आजूबाजूला बसवली जातात. रात्री जेवणं झाली की ओटा आणि भांडी हे बघतात, अंथरुणं धाकटा घालतो, आणि तासभर मी सतरंजीवर गोधडी पसरून बसते. त्या तासात मला कुणी हाक मारायची नाही. हे घडायला वेळ लागला, पण आता ते घराच्या अंगवळणी पडलंय.

आमच्या धंद्याचा हंगाम ज्यांना माहीत आहे, त्यांना यातली अडचण लगेच कळेल. दसरा झाला की नवं सोयाबीन यार्डात यायला लागतं. पहाटेपासून गाड्या लागतात, ढीग पडतात, ओलावा बघितला जातो, सौदे निघतात. मग प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, करायची: वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं बिनचूक. शेतकरी समोर उभा असतो. त्याला दिवाळीचा बाजार करायचा असतो, लेकीला आणायला जायचं असतं. तिथं आकडा चुकून चालत नाही. आणि नेमकं त्याच दिवसांत घरी चकल्या, करंज्या, फराळ. पुढं जानेवारीत तूर सुरू होते, की पुन्हा तेच. अशा दिवसांत तासाचा अर्धा तास होतो. पण तो अर्धा तास मी सोडत नाही. दिवसभर डोळ्यापुढून आकडे गेलेले असतात. धावदोरा घालायला लागलं की ते डोक्यातून उतरतात.

गोधडी शिवायला मी आईकडून शिकले. माझं माहेर नांदेड. नांदेडात तेव्हा उस्मानशाही मिल होती, तिच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतल्या चुली पेटायच्या. आई उन्हाळ्यात गोधड्या भरायची. वाळवणं आटोपली, म्हणजे कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून झाला, शेवया झाल्या, खारोड्या पत्र्याच्या डब्यात गेल्या, की दुपारी ओसरीवर जुनी लुगडी निघायची. शेजारच्या मावशी, काकू आपापली सुई घेऊन यायच्या. आज हिची, उद्या तिची. चार बायका चार बाजूंना बसल्या की गोधडी भराभर पुढं सरकायची. आम्हा पोरींचं काम सुया ओवून द्यायचं आणि दोऱ्याला मेण लावायचं. बोलणं कधी थांबायचं नाही. कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, कुणाच्या रानात बोंडअळी पडलीय, कुणाचं कुठं जुळतंय, गल्लीतल्या सगळ्या खबरा त्या ओसरीवर यायच्या.

गोधडी कशी होते हे नव्या मुलींसाठी जरा सविस्तर सांगते, कारण हल्ली विचारणाऱ्या पुष्कळ आहेत. पहिलं म्हणजे कापड. सुतीच पाहिजे. नेसून नेसून मऊ पडलेलं इरकलीचं लुगडं, जुनी सुती पातळं, धोतरं. सिंथेटिक साडी आतल्या थरात घालू नये. ती सरकते, टाक्याला धरून राहत नाही, आणि उन्हाळ्यात अंगाखाली घामेजते. कापड आधी धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवायचं. फाटका भाग कापून टाकायचा, बाकीचं उसवून सरळ करायचं. मग जमिनीवर खालचा पदर अंथरायचा, त्यावर आतले थर, आणि सगळ्यांत वर दिसायला चांगलं कापड. थर अंथरताना एकसुद्धा चुणी राहू द्यायची नाही. आई तळहातानं मधून कडेकडे अशी हात फिरवत जायची आणि चारी कोपऱ्यांवर काही ना काही वजन ठेवायची. पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, हाताला येईल ते. मग लांब-लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून घ्यायचे. इथं घाई केली की पुढं गोधडीच्या पोटात गोळे होतात.

नंतरचं काम कडेपासून सुरू होतं. कडेनं एक धावदोरा चारी बाजूंनी फिरवून आणायचा, मग दोन बोटं आत सरकून दुसरा, मग तिसरा. असं फिरत फिरत मध्यापर्यंत पोचायचं. बसायचं गोधडीवरच, आणि शिवत जाल तसं पुढं सरकायचं. अंगुस्तान घातलं नाही तर सुईचा मागचा भाग बोटात रुततो. टाका बारीक आणि सारखा पडला तर गोधडी वर्षानुवर्षं धुतली तरी उसवत नाही. नव्या बाळासाठी दुपटं करायचं असेल तर आजोबांचं धोतर सगळ्यांत चांगलं. धुऊन धुऊन ते इतकं मऊ होतं की तेवढं मऊ कापड दुकानात मिळायचं नाही. आमच्या दोन्ही लेकरांची दुपटी माझ्या सासऱ्यांच्या धोतरांची आहेत.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. वय झालंय, आता त्यांना सुईचं नाक दिसत नाही, पण हात अजून पक्का आहे. त्यावर धाकट्यानं आपणहून तोड काढली. सकाळी शाळेत जायच्या आधी तो सात-आठ सुया ओवून उशीला टोचून ठेवतो. दुपारभर आत्याबाई एकेक सुई काढून शिवत बसतात. संध्याकाळी तो आला की आधी उशी बघतो, किती सुया रिकाम्या झाल्या. मी नऊ वाजता गोधडी उघडते तेव्हा त्यांनी घातलेली रांग मला लगेच ओळखू येते. त्यांचा टाका किंचित तिरका पडतो आणि माझ्यापेक्षा बारीक असतो. एकाच गोधडीत आम्हा दोघींच्या रांगा शेजारी-शेजारी असतात, आणि मला ते फार आवडतं.

आपल्या मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घर झाडून-पुसून, भिंती पोतारून, घरातलं पांघरूण-अंथरूण झाडून सगळं धुवायचं. पूर्वी बाया गोधड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन नदीला, ओढ्याला जायच्या. दगडावर आपटून, दोघींनी दोन टोकं धरून पिळून, वाळूवर नाही तर बाभळीच्या काट्यांवर वाळत घालायच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. म्हणून त्या धुण्याला सोबत लागतेच.

आणि गोधडीला पाणी किती लागतं हे मला 2016 साली कळलं. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत नाव होतं तिचं. पहिल्या फेरीत दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी आलं, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. आमच्या गल्लीत टँकर आला की घागरी, कॅन, लेकरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा रांगेत लागायच्या. धाकटा तेव्हा अगदी तान्हा होता. त्याची दुपटी धुतलेलं पाणी फरशी पुसायला, फरशीचं पाणी संडासात. मोठ्या गोधड्यांना पाणी दाखवायचा प्रश्नच नव्हता. त्या आम्ही गच्चीवर कडक उन्हात टाकून, काठीनं झोडपून घेतल्या. त्या वर्षी दसरा काढायचा कसा, याचीच बायकांना काळजी होती. मग पावसाळ्याच्या शेवटी शेवटी असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. त्या नवरात्राच्या आधी आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीच्या कठड्यावर गोधड्या होत्या. आत्याबाईंनी पेटीतल्या, कधी न वापरलेल्यासुद्धा, काढून धुतल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, ह्या तर स्वच्छच आहेत." त्या म्हणाल्या, "राहू दे, आज पाणी आहे."

त्याच दसऱ्याला पेटी उपसताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कोणती गोधडी कुणाची, आतलं लुगडं कुणाचं, हे फक्त आत्याबाईंना सांगता येत होतं. हिरव्या काठाची त्यांच्या सासूची, चौकड्याची त्यांच्या नणंदेनं लग्नाआधी शिवलेली. त्यांच्यानंतर हे कोण सांगणार? जात्यावरच्या ओव्यांचं भाग्य चांगलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या, कुठल्या गावच्या कुठल्या बाईनं गायली हे नावानिशी लिहून ठेवलं. त्यात आपल्या परभणी, बीडकडच्या बायकाही आहेत. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. गोधडी शिवणारीचं नाव मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. इतकी वर्षं घरादाराला ऊब दिली, आणि कोपऱ्यात दोन अक्षरंही नाहीत, हे मला बरोबर वाटत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात आतल्या बाजूनं पांढऱ्या कापडाची पट्टी शिवते. तिच्यावर लाल दोऱ्यानं शिवणारीचं नाव, साल आणि आतल्या कापडांची नावं. आत्याबाईंना विचारून जुन्या गोधड्यांनाही पट्ट्या लावल्या. एका वहीत त्याच्या मागची हकिगतही लिहिते, सुचेल तशी, कधी चार ओळी, कधी पानभर. माझ्या आईचं मोतिया रंगाचं इरकली मी कापलं तेव्हा वहीत तीन पानं झाली. ते लुगडं नेसून ती मला एसटीनं लातूरला पोचवायला आली होती, लोहा, अहमदपूर, चाकूर करत, मांडीवर लाडवांचा डबा धरून. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. ते लुगडं पेटीत घडी घालून ठेवलं असतं तर घडीवर विरून गेलं असतं. आता ते माझ्या लेकीच्या अंगावर असतं.

पुष्कळजणी म्हणतात, एवढ्या चांगल्या शिवता, तर विका ना, मोबाइलवर फोटो टाका, ऑर्डरी येतील. ज्या बायका बचत गटातून गोधड्या करून संसाराला हातभार लावतात त्यांचं मला कौतुकच आहे, आणि त्यांच्या कामाला चांगला दाम मिळालाच पाहिजे. पण माझ्या बाबतीत मी ठरवून नाही म्हणते. दिवसभर मी दुसऱ्यांचा हिशेब करते. ह्या एका तासाचा हिशेब कुणाला द्यायचा नाही. अमुक तारखेला गोधडी पाठवायचीय म्हटलं की तोही तास कामाचा होईल, आणि मग मला दुसरा कुठून आणायचा?

आणि घरातल्या मंडळींना सांगते, विशेषतः पुरुषांना. बायकोनं, आईनं शिवलेलं, विणलेलं, लिहिलेलं छान झालंय असं नुसतं म्हणू नका. ती बसली असेल तेव्हा दारावरची बेल वाजली तर दार तुम्ही उघडा, दूध उतू जातंय का ते तुम्ही बघा. आमच्याकडं हे घडलं म्हणूनच मी आज इथं गोधडीवर बोलतेय. लेकीच्या दहावीचं वर्ष आहे, आणि लातुरात दहावी-बारावी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गल्लीत घराआड एक घर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना खोल्या देतंय. नातेवाईक म्हणाले, यंदा तरी ते शिवणटिपण बंद ठेव. पण लेकच म्हणाली, "आई, तू शिवत बसतेस ना, तेव्हा मला अभ्यासाला बरं वाटतं. तू उठलीस की मीही उठते." ती गोधडीच्या एका टोकाला पुस्तक घेऊन बसते, मी दुसऱ्या टोकाला. अधूनमधून ती एखादी व्याख्या म्हणून दाखवते, मी पुस्तकात बघून हो म्हणते.

सध्या तिच्यासाठीच एक गोधडी चाललीय. पुढं शिकायला घराबाहेर राहावं लागलं तर सोबत न्यायला. कापडं तिनंच निवडली: आत्याबाईंचं एक पातळ, माझी दुकानात नेसायची सुती साडी, तिचा शाळेचा जुना निळा गणवेश, आणि वडिलांचे दोन शर्ट, खिशासकट. खिसे काढू नको म्हणाली, त्यात पेन ठेवीन. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही औशाकडं शेतात जातो, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी, आंबील, उंडे असं जेवण होतं. तेव्हा गावाकडच्या जावा भेटतील, त्यांच्याकडून कडेचं कापड आणायचंय. मधल्या रांगा अजून राहिल्यात. त्या आत्याबाई घालणार आहेत, आणि पट्टीवर यंदा दोन नावं येतील.

नमस्कार.