भीमाची नदी, बटाट्याचे डोंगर

(अंधार. पाण्याच्या पंपाची घरघर. विजेरीच्या उजेडात पांढरी पडलेली पानं.)

जुलै महिना, पहाटेचे चार. विषुववृत्त इथून जेमतेम सात अंशांवर, आणि तरी बटाट्याच्या पानांवर बर्फ धरलाय. इथले लोक त्याला म्हणतात ‘बुन उपास’. बुन म्हणजे दंव, उपास म्हणजे विष. आपल्या उपासाशी या शब्दाचं नातं नाही, पण ज्याचं पीक यात गेलं त्याला तो घडतोच! ऊन चढायच्या आत पानं पाण्यानं धुऊन काढायची. नाहीतर भाजल्यासारखी काळी पडतात.

हा इंडोनेशियातल्या मध्य जावाचा केजाजार. वोनोसोबो जिल्ह्यातलं एक ‘केचामातान’, आपल्या तालुक्यासारखंच, पण आकारानं लहान. दिएंगच्या ज्वालामुखी पठारावर ही गावं वसलीत. त्यातलं सेंबुंगान २३०० मीटरच्या आसपास, जावा बेटावरचं सर्वांत उंच गाव. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ही माणसं कळसूबाईच्याही बरीच वर संसार करतात.

मराठी माणूस इथं पाट्या वाचूनच थबकतो. एका गावाचं नाव पारिकेसित. परीक्षित! शेजारच्या बातूर या केचामातानच्या हद्दीत आठव्या-नवव्या शतकांतली देवळं आहेत: अर्जुन, स्रिकांदी, सेंबाद्रा, पुंतादेवा. पुंतादेवा म्हणजे आपला धर्मराज. ही नावं बांधणाऱ्यांची नव्हेत. ती लोकांनी फार नंतर दिली, ‘वायांग’मधून, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळातून. गावं मुसलमान, पहाटे अजान होते, आणि पांडव मात्र घरातलेच.

(दगडी पन्हाळीतून पडणारं पाणी.)

हा झरा ‘बिमा लुकार’. लुकार म्हणजे कपडे उतरवणं. पांडव-कौरवांत नदी खणायची पैज लागली, भीमानं अंगावरचं सगळं उतरवून खणली आणि जिंकली, अशी कथा. कशानं खणली, ते सांगताना हशा पिकतो. आपण ते इथं सोडून देऊ. ती नदी म्हणजे सेरायू, पुढे हिंदी महासागराला मिळणारी.

इथल्या काही पोरांच्या डोक्यावर जट दिसते. लहानपणी सडकून ताप येतो आणि मग केस गुंततात, असं घरचे सांगतात. जट म्हटलं की आपल्याकडे देवीला सोडलेल्या मुली आठवतात. इथं रीत निराळी. पोरानं स्वतः ‘काप’ म्हणायचं आणि बदल्यात काय हवं ते मागायचं: बकरी, सायकल, काहीही. ते दिल्याशिवाय कात्री लावायची नाही, नाहीतर जट पुन्हा येते म्हणतात. कापलेले केस पाण्यात सोडतात.

त्याच पाण्यातून मातीही जाते.

(उभ्या चढावर वरून खाली उतरणारे वरंबे.)

नीट बघा. हे वरंबे उताराला आडवे नाहीत, उभे आहेत. कुठलाही कृषी सहायक डोक्याला हात लावेल. पण हा अडाणीपणा नव्हे. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचलं की कंद सडतो, दमट हवेत करपा येतो, म्हणून पाणी झटकन खाली जाऊ द्यायचं. पूर्वी इथं मका आणि तंबाखू होता. १९८० च्या दशकात बटाटा पसरला आणि झाडं हटत हटत शेतं माथ्यापर्यंत चढली. पक्की घरं झाली, दारात मोटारसायकली आल्या, मुलं शिकली, ती याच बटाट्यावर. आणि दर पावसाळ्यात वरची काळी माती सेरायूत उतरते, खाली बांजारनेगाराजवळ म्रिचाच्या धरणात गाळ होऊन बसते. जमिनीचा कस राखायला मग कोंबडीखताची पोती डोक्यावरून चढवायची.

(रात्र. स्वयंपाकघर.)

संध्याकाळी कामं आटोपली की घर चुलीभोवती गोळा होतं. या शेकत बसण्याला ‘गेनेन’ म्हणतात. पाहुण्यालाही बैठकीत नाही, इथंच बसवतात. खांद्यावर सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, हातात गरम चहा, बशीत पिठात तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. आज कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, आणि बटाट्याला भाव काय लागला. बोलता बोलता कुणीतरी दार किलकिलं करून आभाळ बघतो. चांदण्या लख्ख दिसतायत. म्हणजे आज दंव गोठणार.

पंपात तेल आहे ना, तो आतल्याला विचारतो.