न्यूसन्स: शब्द, व्याकरण आणि एक खलबत्ता

श्रोतेहो, नमस्कार. 'काय न्यूसन्स आहे!' असे आपण घरीदारी सहज म्हणतो, म्हणून आज त्याच शब्दाविषयी बोलू. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी 'इजा करणे' या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ खरीखुरी इजा असा होता. पुढे तो सौम्य होत उपद्रवापर्यंत उतरला.

न्यूसन्स हे नाम आहे. पुन्हा सांगतो, नाम आहे, क्रियापद नव्हे. क्रियापद हवे असेल तर इंग्रजीत 'अनॉय' वापरावे लागते. हे नाम मोजता येते, म्हणून 'ही इज अ न्यूसन्स' यातला 'अ' गाळता येत नाही, आणि अनेकवचन 'न्यूसन्सेस' होते.

या शब्दाचे वजन कळते ते कायद्यात, आणि त्यासाठी लंडनचा १८७९ साली निकाल लागलेला एक खटला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. ब्रिजमन नावाच्या मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात वीस वर्षांहून अधिक काळ मोठे खलबत्ते चालत होते. १८६५ साली शेजारी स्टर्जेस नावाचे डॉक्टर राहायला आले, तेव्हाही काही बिघडले नाही. १८७३ साली मात्र डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्या स्वयंपाकघराला लागून, तपासणीची खोली बांधली, आणि रुग्णाच्या छातीतला आवाज ऐकू जावे तर भिंतीपलीकडचा बत्ता दणदणू लागे. ब्रिजमनचे म्हणणे असे, की आवाज आधीचा, खोली नंतरची, आणि वीस वर्षांच्या वहिवाटीने हक्क माझा झाला. न्यायालयाने ते मानले नाही, कारण खोली होईपर्यंत त्या आवाजाविरुद्ध दाद मागण्याजोगा त्रासच कोणाला नव्हता, म्हणून वहिवाटीची वर्षे त्याआधीपासून मोजता येत नाहीत. त्याच निकालात न्यायमूर्ती थेसिजर यांनी म्हटले, की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो न्यूसन्स ठरेल, तो बर्मंड्सीत ठरेलच असे नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर ही धनिकांची वस्ती, तर बर्मंड्सी तेव्हा कातडी कमावणाऱ्यांची. म्हणजे न्यूसन्स ठरतो तो जागा पाहून.

आपल्याकडे सार्वजनिक न्यूसन्स हा १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून अपराध आहे, आणि आता त्याची व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात आहे. भिंतींवरच्या 'कमिट नो न्यूसन्स' या पाटीत क्रियापद 'कमिट' हे आहे, न्यूसन्स तिथेही नामच आहे, आणि त्याचा अर्थ लघवी करणे एवढाच आहे. माझे स्पष्ट मत आहे, की तिथे 'येथे लघवी करू नये' असे मराठीतच लिहावे, कारण ज्याला थांबवायचे आहे त्याला ते वाचता आले पाहिजे.