सापडणं आणि पितळ उघडं पडणं

नमस्कार श्रोतेहो!

आज इंग्रजीतल्या एका इवल्याशा शब्दाबद्दल. आउट. आपल्याकडे नुसतं 'शोधणं' वेगळं आणि 'शोधून काढणं' वेगळं, हो ना? ते 'काढणं' जे काम करतं, तेच तिकडे पुष्कळदा हे आउट करतं. हरवलेली किल्ली सापडली, की फाइंड. गाडी कितीला सुटते ते चौकशी करून कळलं, की फाइंड आउट. पुन्हा सांगतो. वस्तू असेल तर फाइंड, माहिती असेल तर फाइंड आउट. आणि माणूस असेल तर? तिथेच माझी फजिती झाली.

नोकरी नवी होती. आमच्या साहेबांना इंग्रजीशिवाय चालत नसे. एका दुपारी तातडीच्या पत्रावर त्यांची सही हवी होती आणि साहेब 'मीटिंगला' गेलेले. मी सगळं आवार पालथं घातलं. शेवटी मागच्या गल्लीतल्या हॉटेलात, कोपऱ्यातल्या बाकावर, साहेब! पुढ्यात कांदाभजी आणि काचेच्या ग्लासात चहा. चहा काचेच्या ग्लासातच प्यावा बरं का. कागदी कपातला चहा म्हणजे कागदाचा काढा. असो. मी आनंदाने ओरडलो, "सर, आय हॅव फाउंड यू आउट!"

मला म्हणायचं होतं, सापडलात बुवा एकदाचे. पण फाइंड आणि आउट यांच्यामध्ये माणूस बसवला, की अर्थ होतो, तुमचं पितळ उघडं पडलं! साहेबांचं भजं चटणीतच राहिलं. डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं बंद केलं होतं, हे मला काय ठाऊक! ते हळूच म्हणाले, "बस. तूही घे. आणि घरून फोन आला तर यातलं काही बोलू नकोस."

तसंच फेरेट आउट, म्हणजे चिकाटीने हुडकून काढणं. फेरेट हा मुंगसासारखा लांबट प्राणी. इंग्लंडात तो सशांच्या बिळात सोडतात, ससे घाबरून बाहेर पळतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकतात. नावाचं मूळ लॅटिन, अर्थ 'छोटा चोर'.

आणि हरवलेली वस्तू न शोधता आपोआप समोर आली, तर टर्न अप. ते तातडीचं पत्र भजीच्या नादात मी हॉटेलातच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी चहाला गेलो, तर गल्ल्यावर वजनाखाली ठेवलेलं. इट टर्न्ड अप! तेलाच्या डागासकट. सही मात्र झालेली होती.