ऐप्टेशियाला खाणारे कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांबच. तरीही इथे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणारी हौशी मंडळी आहेत, आणि आजचं बोलणं त्यांच्यासाठी. आरओच्या पाण्यात मीठ कसं कालवायचं, सापेक्ष घनता 1.025 कशी राखायची, हे तुम्ही जाणताच. त्यात वेळ घालवत नाही.

विषय आहे ऐप्टेशिया. दगडाच्या फटीत बसणारं, तपकिरी, काचेसारख्या अंगाचं लहानसं समुद्रफूल (सी ॲनिमोन). नावाला फूल, पण आहे प्राणीच. दिसायला देखणं, पण शेजारच्या बटन पॉलिपला, म्हणजे बटणासारख्या दिसणाऱ्या प्रवाळाच्या नातलगाला, डंख मारतं, आणि वाढायला त्याला जोडीदार लागत नाही. तळव्याचा कण जरी दगडावर राहिला तरी त्यातून नवं फूल उभं राहतं. म्हणून ते खरवडू नका. पुन्हा सांगतो, खरवडू नका.

प्रतापनगरातल्या एका आबांनी नेमकं तेच केलं. बँकेतून निवृत्त, भारी टापटिपीचे. तीन फुटी टाकी, 180 लिटर पाणी, दोन क्लाउनफिश आणि दगडावर बटन पॉलिपचा सुरेख पट्टा. त्या पट्ट्याशेजारी तीन ऐप्टेशिया दिसली. आबांनी बाही सारली, दाढीचं ब्लेड घेतलं आणि तिन्ही तासून काढली. पाणी फिरवणारा पंप, म्हणजे पॉवरहेड, चालूच. कण टाकीभर फिरले, जिथे टेकले तिथे रुजले. महिन्याभराने मोजायला बसले, चाळिशीनंतर नाद सोडला.

मग कुणीतरी सुचवलं, ऐप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडा. पाच मागवल्या. आल्या त्या लालबुंद, ठिपकेदार. आबा खूश. सकाळी बघतात तर ऐप्टेशिया जिथल्या तिथे आणि बटन पॉलिप मिटलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. आबांनी पाण्याला दोष दिला, मिठाला दिला, विकणाऱ्याला तर दिलाच. शेवटी रात्री दिवे मालवल्यावर नातीने टॉर्चला लाल जिलेटिन कागद गुंडाळला आणि काचेला नाक लावून बसली. कोळंबीला लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती बिनधास्त फिरते. पाचही जणी बटन पॉलिपवर बसून ते कुरतडत होत्या.

"आबा, हिला कुबड आहे. आणि अंगावर पांढऱ्या रेघा आहेत."

पोरीने अचूक हेरलं होतं. ती होती कॅमल कोळंबी, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोसिनेटिस. मोठाले डोळे, पाठीला कुबड, लाल अंगावर पांढरे ठिपके आणि रेघा. ऐप्टेशियाशी तिला काही देणंघेणं नसतं. खरी पेपरमिंट म्हणजे लायस्माटा. तिचं अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर लाल रेघा, पांढरं काही नाही. पिशवी हातात घेतली की आधी एवढंच बघा. पांढरं दिसलं, तर ती पेपरमिंट नाही.

कॅमल परत गेल्या, लायस्माटा आल्या. चाळीस लिटरला एक या हिशेबाने चार. आठवडा उलटला तरी ऐप्टेशिया ढिम्म. झालं असं, की आबा रोज रात्री माशांना फ्लेक्स आणि वर गोठवलेला आर्टेमिया सढळ हाताने टाकत होते. उरलेलं तळाशी, तळाचं कोळंबीच्या पोटात. आजी चार दिवस बघत होत्या, मग म्हणाल्या, "आयतं भेटून राह्यलं त काम कोन करन?"

खाणं निम्म्यावर आणलं, तेही सकाळी, मासे दोन-तीन मिनिटांत फस्त करतील एवढंच. त्यानंतर लहान ऐप्टेशिया एकेक करून दिसेनाशी झाली.

मोठी तशीच राहिली, आणि ती राहणारच. दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा पसरट ऐप्टेशियाच्या वाटेला कोळंबी सहसा जात नाही. ती मोठी फुलं आपण मारायची. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात दह्याइतकं घट्ट कालवा. पानाचा चुना नको, पदार्थ तोच असला तरी त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. पॉवरहेड बंद करा, सिरिंजने अगदी सावकाश फुलाच्या तोंडावर अर्धा मिली सोडा. टोचायला गेलात तर ते आक्रसून फटीत जातं. अर्ध्या तासाने पंप चालू करा. एका दिवसात चार फुलांच्या वर जाऊ नका, चुन्याने पाण्याचा पीएच चढतो.

तांब्याचं तेवढं सांभाळा. टाकीत पूर्वी तांब्याचं औषध वापरलं असेल तर ते दगडात मुरलेलं असतं आणि कोळंबी मरते. आणि हो, घरातल्या तांब्याच्या गडव्याने टाकीत पाणी ओतू नका.

मे महिन्यात कोळंबी मागवूच नका, पार्सल उन्हात भाजून निघतं. माझं तर स्पष्ट मत आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी गार करणारा चिलर परवडत नसेल त्याने खाऱ्या पाण्याचा नाद करू नये. पृष्ठभागावर पंखा लावून टाकी थोडी गार होते, खरं आहे. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट असते, पाणी उडत नाही आणि पंखा नुसता फिरतो. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचंच पाणी घाला, खारं नाही.

दुसरा शिकारी बर्घिया. दोन सेंटिमीटरची, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. ही ऐप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. खाल्लेल्या फुलाचे डंख पचवत नाही, पाठीवरच्या बोटांसारख्या तुऱ्यांच्या टोकांत साठवून स्वतःच्या रक्षणाला वापरते. 180 लिटरला सहा ते दहा घ्या. दिवे आणि प्रवाह बंद करून ड्रॉपरने फुलाच्या अगदी जवळ सोडा. पहिले काही आठवडे फरक दिसणार नाही, धीर धरा. पांढऱ्या धाग्याची वेटोळी दिसली तर ती अंडी समजा. मात्र पेपरमिंट आणि बर्घिया एका टाकीत नकोत, कोळंबी तिला खाते. रॅस मासेही खातात. दोन्हींपैकी एकच निवडा.

कॉपरबँड बटरफ्लायफिश ऐप्टेशिया खातो, पण तीन फुटी टाकीत तो कोंडू नका. खाण्याच्या बाबतीत नखरेल, उपाशी मरतो. फाइलफिश खातो, आणि कधी बटन पॉलिपही चावतो.

ऐप्टेशिया बहुतेकदा दगडाला चिकटूनच घरात येतं, म्हणून दगड कोरडाच घ्या. समुद्रातून उपटलेला तर नकोच. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तसा दगड विकणाऱ्याच्या दारात मी तरी उभा राहणार नाही.

दगड स्वच्छ दिसले की संप, म्हणजे मुख्य टाकीखालची गाळणीची टाकी, उघडून बघा. पाणी खाली आणणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपमध्ये, ते परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या जाळीमागे दोन-चार असतातच, आणि तिथे ना कोळंबी पोचते ना गोगलगाय. पाइप काढा, व्हिनेगरमध्ये बुडवा, धुऊन परत बसवा. बर्घियांचं खाणं संपत आलं की त्या उपाशी राहतील, तेव्हा ज्याच्या टाकीत ऐप्टेशिया माजलंय अशा एखाद्या हौशी मित्राला त्या देऊन टाका.

नमस्कार.