एकाच ताटात सगळ्यांचे हात

वॉशिंग्टन डीसीत यू स्ट्रीटच्या आसपास नुसतं फिरलात तरी इथिओपियन हॉटेलांच्या पाट्या दिसायला लागतात. १९७४ साली तिकडे सम्राट हैले सेलासींना लष्कराने गादीवरून खेचलं, त्यानंतरच्या धुमश्चक्रीत बरेच लोक देश सोडून निघाले आणि त्यातले खूपसे या भागात येऊन राहिले. शुक्रवारी संध्याकाळी आमची गँग अशाच एका हॉटेलात घुसली.

टेबलावर प्लेट नाही, चमचा नाही. मधोमध एकच मोठ्ठं गोल ताट, त्यात अंथरलेली इंजेरा, म्हणजे डोशासारखी मोठी पोळी, आणि तिच्यावर सगळ्या भाज्यांचे ढीग. टेफ नावाच्या बारीकशा धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि एकाच बाजूने भाजतात, म्हणून तिच्यावर भोकं भोकं दिसतात. तुकडा तोडायचा, भाजी उचलायची, उजव्या हाताने तोंडात, हे काय आपल्याला शिकवायला नको.

व्हेजवाले आधी उगाच टेन्शनमध्ये होते. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवारी-शुक्रवारी उपास असतो, त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही, त्यामुळे बिनधास्त उपासाचं 'बेयायनेतू', म्हणजे वेगवेगळ्या भाज्यांचं एकत्र ताट, मागवा. मसुराचं झणझणीत मिसिर वोत, गोमेन नावाची पालेभाजी आणि शिरो, जे आपलं पिठलंच हो, फक्त बर्बेरे मसाल्याने लालभडक झालेलं! आम्ही नॉनव्हेजवाले दोरो वोतवर, म्हणजे चिकनच्या रश्श्यावर, तुटून पडलो. त्यात कांदा आधी कोरडाच, मंद आचेवर, पार मऊ होईपर्यंत परततात, मग मसालेदार तूप, चिकन आणि अख्खं उकडलेलं अंडं.

खरी पंचाईत वेगळीच. हाताने खाणं जमतं हो, पण उष्ट्याचं काय? आमच्यातल्या एकाने हळूच वेगळी प्लेट मागितली आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या आजींनी भलामोठा घास करून समोरच्याच्या तोंडात कोंबला. याला गुर्शा म्हणतात, घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त, आणि नाही म्हणणं बरं दिसत नाही. आपल्याकडे लग्नात नाव घेऊन घास भरवतात, इथे रोजच्या जेवणात आणि मित्रांनासुद्धा. मग काय, आमच्याकडेही सुरू झालं, प्लेटवाल्याला तर सगळ्यांनी मिळून भरवलं, प्लेट कोरीच राहिली.

आणि कॉफी चुकवू नका. हिरव्या बिया समोर भाजतात, तो धूर सगळ्यांना हुंगायला देतात, मग जेबेना नावाच्या मातीच्या सुरईतून कपात. एकाच पावडरीवर तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना, बराका, प्रत्येक वेळी थोडी फिकी. यात तासभर सहज जातो, त्यामुळे पार्किंगचे पैसे जरा जास्तीचेच भरून ठेवा.