बिनधुरांड्याची बेतवा

(१८ डिसेंबरला वास्कोत झालेलं भाषण, थोडं नीट करून)

मागच्यांनो, पुढे येऊन बसा, माझा आवाज काही तोफेचा नाही. तर आजचीच तारीख, साल १९६१, गोवा पोर्तुगीजांकडून सोडवायची लढाई चाललेली, दुपारचे बारा वगैरे वाजलेले. माझी आई चिखलीला चुलीपुढे होती आणि शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी एकदम खडखडायला लागली. आवाज नंतर कळला, आधी खिडकी, असं ती सांगायची, डाळीतला डाव डाळीतच राहिला आणि सगळे मागच्या दाराने बाहेर. ती खिडकी ज्यांनी हलवली त्या आपल्या नौदलाच्या दोन बोटींबद्दल आज बोलतो, बेतवा आणि बियास. लढाई आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, बोटींचं कोणी विचारत नाही.

या ब्रिटिशांच्या टाइप ४१, म्हणजे लेपर्ड क्लासच्या फ्रिगेट्स, मध्यम आकाराच्या युद्धनौका. डोक्यात दुसरं महायुद्ध होतं, व्यापारी जहाजांचा तांडा संथपणे चाललाय, वरून विमानं येतायत, तर तांड्याच्या चालीने चालायचं आणि विमानं पाडायची, एवढंच काम. त्यामुळे पळायची घाई नाही, पल्ला पाहिजे. वाफेच्या टर्बाइनऐवजी आठ डिझेल इंजिनं घातली, टॉप स्पीड जेमतेम २४ नॉट, म्हणजे तासाला २४ सागरी मैल, पण १६ नॉटने गेली तर साधारण ७,५०० सागरी मैल जाणार, आणि बॉयलरमध्ये वाफ होईपर्यंत थांबायचं नाही. धुरांडंच नाही हो! इंजिनांचा धूर जाळीच्या मास्टच्या आतून वर काढलेला, लांबून बघणाऱ्याला वाटावं चिमणी बसवायची राहूनच गेली. मला विचाराल तर दिसायला काही देखणी बोट नव्हे.

आपल्याकडे तीन आल्या. ब्रिटिश नेव्हीसाठी पँथर नावाने बांधायला घेतलेली बोट १९५८ मध्ये आपली ब्रह्मपुत्रा झाली, मग १९६० मध्ये बियास आणि बेतवा. म्हणजे मुरगावला आल्या तेव्हा अगदी कोऱ्या.

समोर पोर्तुगीजांची युद्धनौका आफोंसो द आल्बुकर्क, १९३५ सालची. हिच्या १२० मिलिमीटरच्या चार सुट्या तोफा, आपल्या ४.५ इंची, म्हणजे ११४ मिलिमीटरच्या, पण जोडतोफा, एका बोटीवर चार नळ्या, दोन्हींच्या मिळून आठ, नेम रडारवर आणि गोळे भराभर, कारण विमान काही थांबून राहत नाही ना. आणि मजा बघा, आफोंसो इंग्लंडच्या टाइन नदीवर बांधलेली, बेतवा-बियासही टाइनवरच्याच! एका नदीचं पाणी प्यायलेल्या तिघी आपल्या झुवारीच्या तोंडाशी येऊन भिडल्या.

शरण या असे निरोप गेले, पण आफोंसो काही नमली नाही. बंदरात इतर जहाजंही उभी होती, त्यामुळे बेभान मारा करून चालणार नव्हतं. एक गोळा आफोंसोच्या डोक्यावर हवेतच फुटला आणि त्यात तिचा कप्तान, आंतोनियो दा कुन्हा आरागांव, जबर जखमी झाला. विमानांसाठी केलेल्या बोटीचा सगळ्यात लक्षात राहिलेला मारा हा असा, जहाजावर. शेवटी आफोंसो दोनापावल-बांबोळीच्या बाजूला किनाऱ्याला लावली. तिचा कप्तान मात्र चिवट, हे आपण म्हणायला हरकत नाही.

१९७१ मध्ये ब्रह्मपुत्रा आणि बियास बंगालच्या उपसागरात विमानवाहू विक्रांतबरोबर होत्या. पुढे मिसाइलं आली, तोफांच्या बोटी मागे पडल्या आणि तिघी एकेक करून निघाल्या. नावं तेवढी कोलकात्यात बांधलेल्या नव्या फ्रिगेट्सना मिळाली. त्यातली बेतवा २०१६ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत गोदीतच कलंडली, दोन नौसैनिक गेले, मग ती उभी करून दुरुस्त केली.

कोणीतरी विचारलं, गोव्यात फ्रिगेट कधी बांधणार? अहो, बांधतायत की! आपल्या गोवा शिपयार्डातून त्रिपुट २०२४ च्या जुलैमध्ये पाण्यात गेली, मागोमाग २०२५ मध्ये तवस्या. गॅस टर्बाइनवाल्या. आणि धुरांडं आहे, मी मुद्दाम बघितलं.